आत्म्याची रोजकीर्द

रोजकीर्द म्हटली की आम्हां मराठी वाचकांच्या डोळ्यांपुढे जुनी दफ्तरे उभी राहतात. दिवसाची जमा लिहावयाची, खर्च लिहावयाचा आणि शिल्लक काढावयाची. हाच हिशेब मनुष्याने आपल्या मनाचा मांडावयाचे ठरविले तर? ख्रिस्ती धर्मात ही कल्पना फार जुनी आहे. राखेच्या बुधवारी कपाळी राख लावून सुरू होणाऱ्या, रविवार वगळून चाळीस दिवसांच्या उपवासकाळात तिचे विशेष स्मरण होते. नवी मुंबईतील वाशी-नेरूळकडच्या ख्रिस्ती घरांतही हा काळ पाळला जातो; म्हणून तिचा पूर्वेतिहास पाहणे अप्रस्तुत होणार नाही.

चौथ्या शतकात संत अथनेशियस यांनी मिसर देशातील तपस्वी अँटनी यांचे चरित्र लिहिले. त्यात अँटनींचा एक उपदेश आहे : आपली कृत्ये आणि मनातील हालचाली, जणू दुसऱ्यास सांगावयाच्या आहेत अशा रीतीने लिहून काढाव्या. चारचौघांदेखत पाप करावयास मनुष्य लाजतो. अरण्यात एकट्या राहणाऱ्यास ते चारचौघे कोठून मिळणार? त्यांच्या डोळ्यांची जागा लेखणीने घ्यावी, हे त्यांतील मर्म.

पुढे सोळाव्या शतकात येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी या विचारास शिस्त लावली. 1548 साली पोपची मान्यता मिळालेल्या त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या ग्रंथात आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा आखण्यास सांगितले आहे : एक दुपारपर्यंतची, दुसरी रात्रीपर्यंतची. जो दोष सोडावयाचा, तो जितक्या वेळा घडेल तितके ठिपके त्या रेघेवर द्यावयाचे आणि कालच्या ठिपक्यांशी आजचे ताडून पाहावयाचे. स्वतः इग्नेशियसही लिहीत असत. त्यांच्या उपलब्ध रोजनिशीची पहिली वही 2 फेब्रुवारी ते 12 मार्च 1544 या दिवसांची, म्हणजे तिचा शेवट ऐन उपवासकाळातला. संघाच्या चर्चना कायमचे उत्पन्न असावे की नसावे, या एका प्रश्नावर ते दिवसेंदिवस प्रार्थना करीत आणि त्या वेळी डोळ्यांत अश्रू आले की नाही, हेही टिपून ठेवीत.

याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यास आले. नित्य आत्मपरीक्षणाच्या शिस्तीत वाढलेल्या या इंग्रजाने मराठीस दिले ते मात्र ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' (1616). उत्तर कोकणातही, 1659 साली रचलेले फ्रान्सिस्को वाझ दी गिमरांइश यांचे दुःखभोगाचे पुराण वसई-साष्टीकडील ख्रिस्ती लोक उपवासकाळात गात असत. आम्हांस यात नवल वाटत नाही. जेथे लिहिता येणारे थोडे आणि पुराण ऐकण्याची सवय सर्वांस, तेथे पश्चात्तापही समुदायाच्या कंठातूनच प्रकट व्हावयाचा. शिवाय गावात चारचौघांचे डोळे होतेच. लेखणीस ती जागा घेण्याचे कारण पडले नाही.

परंतु 1970 नंतर खाडीपलीकडील गावांच्या जमिनींवर हे नवे शहर उभे राहिले. येथे वसईचा शेजारी गोव्याचा, त्याचा शेजारी केरळचा. सर्वांस पाठ असलेले एक पुराण नाही आणि कोण चुकतो हे पाहावयास शेजाऱ्यास सवड नाही. इमारती गजबजलेल्या असल्या तरी आत्म्यापुरते हे अँटनींचे अरण्यच होय. म्हणून उपवासकाळातील रोजची पानभर वही येथे अधिक अगत्याची आहे, असे आम्हांस वाटते. हे केवळ ख्रिस्ती वाचकांपुरतेच खरे आहे असेही नाही. चातुर्मासाचा एखादा नियम धरणाऱ्यासही ही रीत परकी वाटू नये.

मात्र एक धोका ओळखून असावे. दुसऱ्याच्या डोळ्यांची कल्पना करून लिहिता लिहिता, दुसऱ्याने वाचावे म्हणून लिहिण्याचा मोह होतो. मग हिशेबाची जाहिरात होते. इग्नेशियस यांच्या आत्मकथनाचे लेखक फादर कामारा यांनी त्यांच्या टिपणांचे कागद पाहावयास मागितले असता, त्यांनी ते दिले नाहीत. आपल्या रोजकीर्दीतील शिल्लक कोणास दाखवावयाची, हे त्या साधूस पक्के ठाऊक होते.