लीचेस फुकट कसं चालतं? आणि 'आयत्या बिळावर नागोबा' कोण?

लीचेस हे बुद्धिबळाचे संकेतस्थळ फ्रान्समधील प्रोग्रॅमर थिबो द्युप्लेसी यांनी २०१० मध्ये सुरू केले. आज ते एक ना-नफा संस्था चालवते. जाहिरात नाही, वर्गणी नाही. देणगी देणाऱ्याला नावाशेजारी पंखांचे चिन्ह मिळते, बस्स; बाकी सोयी सगळ्यांना सारख्याच. खेळणाऱ्यांपैकी फार थोडे जण पैसे देतात, आणि सर्व्हरचा खर्च त्यांच्यावरच निघतो. डावांच्या विश्लेषणाचे काम तर स्वयंसेवक आपापल्या घरचे संगणक लावून करून देतात.

मग बाकीचे फुकटे म्हणायचे का? तसं नाही. खेळायला समोर माणूस लागतोच. फुकट खेळणाराही दुसऱ्याचा जोडीदार असतो. खरी भीती वेगळी आहे: सगळ्यांनी मिळून केलेले काम कुणीतरी उचलायचे आणि त्याला कुलूप लावायचे. १९९२ पासून मोफत चाललेला इंटरनेट चेस सर्व्हर १९९५ मध्ये सशुल्क झाला, तेव्हा नाराज प्रोग्रॅमरांनी वेगळा मोफत सर्व्हर उभा केला होता.

यावर उपाय परवान्यात आहे. साध्या जीपीएल परवान्यात प्रोग्रॅमची प्रत दुसऱ्याला दिली, तरच त्याचा कोडही द्यावा लागतो. तोच प्रोग्रॅम बदलून आपल्या सर्व्हरवर चालवला, तर कोड दाखवण्याची सक्ती नाही. लीचेसने घेतलेला एजीपीएल परवाना ही पळवाट बुजवतो. विकायला दोन्हीत बंदी नाही, लपवायला आहे.

हा वाद कोर्टात गेला तो स्टॉकफिश या जीपीएलखालील इंजिनावरून. जर्मनीच्या चेसबेस कंपनीने २०२१ मध्ये 'फॅट फ्रिट्झ २' सुमारे १०० युरोंना बाजारात आणले. हे आपलेच इंजिन, फक्त न्यूरल नेटवर्क वेगळे आणि परवान्याच्या अटीही पाळलेल्या नाहीत, असे म्हणत स्टॉकफिशवाल्यांनी कंपनीचा परवाना रद्द केला आणि म्युनिकच्या न्यायालयात दावा लावला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली. स्टॉकफिशचा कोड असलेली उत्पादने वर्षभर विकायची नाहीत आणि परवान्यांकडे लक्ष द्यायला स्वतंत्र माणूस नेमायचा, असे कंपनीने मान्य केले.

लीचेसवर खेळल्या गेलेल्या डावांचा साठा मात्र कुठल्याही अटीविना खुला आहे. तो प्रतिस्पर्धी कंपनीनेही खुशाल उतरवून घ्यावा.