नकुसा

मुंबईत हॉर्निमन सर्कलजवळच्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये जोनाथन डंकनचे संगमरवरी स्मारक आहे. 1795 ते 1811 या काळात हा मुंबईचा गव्हर्नर होता. काशी आणि काठेवाडातली बालहत्या त्याने बंद केली, असा उल्लेख त्या दगडावर आहे. तो वाचताना मला माझी आत्या आठवली. चौथी मुलगी झाली म्हणून सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी तिचे नाव नकुसा ठेवले होते.

डंकन 1789 मध्ये बनारसला रेसिडेंट होता. तिथल्या राजकुमार राजपुतांनी आपल्यात मुली जन्मताच मारतात हे त्याच्यापाशी कबूल केले, आणि त्याने त्यांच्याकडून करारनामा लिहून घेतला. पुढे अलेक्झांडर वॉकरने काठेवाडच्या जाडेजांकडून 1808 साली तसाच करार करून घेतला. पण ‘बंद केली’ हे दगडावरच खरे. 1870 मध्ये सरकारला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला.

यात मला नेहमी खटकायचे ते हे, की ही माणसे भुकेकंगाल नव्हती. जमीनजुमला असलेली घराणी होती. मग मुलगी पोसायला काय जड होते?

1973 मध्ये ट्रिव्हर्स आणि विलार्ड यांनी एक तर्क मांडला. धट्टाकट्टा नर पुष्कळ पिले जन्माला घालतो, दुबळ्याला एकही होत नाही. मादीला मात्र सहसा थोडीफार होतातच. म्हणून सुस्थितीतल्या आईला मुलगा फळतो, हलाखीतल्या आईला मुलगी. हा हिशेब कोणी मनात करत नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून तो घडतो. मिल्ड्रेड डिकमन यांनी 1979 मध्ये तो उत्तर हिंदुस्थानातल्या वरच्या घरात मुलगी देण्याच्या रिवाजाला लावला. उतरंडीच्या टोकावरच्या घराला मुलगी द्यायला वर कोणी उरत नाही. सुना मात्र खालून हुंड्यासकट येतात.

याची उलटी बाजू केनियात सापडते. मुकोगोडो लोक पूर्वी शिकार करत, मधाची पोळी राखत. पुढे गुरे पाळू लागले, पण मसाई शेजाऱ्यांपुढे गरीबच राहिले. तिथे नवरा वधूमूल्य म्हणून गुरे देतो. मुकोगोडो पोराला ती परवडत नाहीत, पोरगी मात्र सधन घरात जाते. ली क्रॉंक यांच्या 1986 च्या मोजणीत चार वर्षांपर्यंतच्या 98 मुली आणि 66 मुलगे होते. गंमत अशी, की विचारले तर आया मुलगाच हवा म्हणत. दवाखान्यात जास्त नेत त्या मुलींना.

आमचे घर दोन एकरांचे. या हिशेबाने आत्याचे स्वागत व्हायला हवे होते. पण माझ्या आजीच्या लग्नात तिच्या बापाला देज मिळाले होते, आणि आत्याच्या लग्नात आजोबांनी हुंडा दिला. एका पिढीत पैशाची दिशा फिरली. वरच्यांची रीत खालच्यांनी उचलली, त्यांची ऐपत मात्र उचलता आली नाही. हे उत्क्रांतीच्या तर्काने अर्धेच उलगडते. सोनोग्राफी आल्यावर तर तेवढेही नाही. महाराष्ट्राने 1988 मध्ये देशात पहिला गर्भलिंगनिदानविरोधी कायदा केला, तरी सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली 1991 मध्ये 946, 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894 झाल्या.

त्याच 2011 साली साताऱ्यात अडीचशेहून अधिक नकुसांना समारंभाने नवी नावे दिली गेली. ती बातमी मी आत्याला वाचून दाखवली. तिने तांदूळ निवडणे थांबवले.

“म्हाताऱ्यांचंबी बदलत्यात का रं?”