मोझार्टचं प्रवासी वाद्य

१७६३ मध्ये लेओपोल्ड मोझार्ट पत्नी आणि दोन मुलांसह युरोपच्या लांबलचक दौऱ्यावर निघाले. वोल्फगांग तेव्हा सात वर्षांचा. घोडागाडीच्या प्रवासात रियाज चुकू नये, म्हणून त्यांनी आउग्सबुर्गला श्टाइन या कारागिराकडून छोटा क्लॅव्हिकॉर्ड घेतला.

हे पेटीसारखं पट्ट्यांचं, पण आतून तारांचं वाद्य. पट्टी दाबली की पितळी पाती तारेला भिडते आणि बोट उचलेपर्यंत तिथेच राहते. त्यामुळे बोटाचा कमीजास्त दाब सुरात उमटतो. आवाज मात्र शेजारच्या खोलीत जेमतेम पोहोचतो.

फौजेत सामान बांधताना आधी ठरवायचं असतं, मागे काय ठेवायचं. लेओपोल्डनी आवाज मागे ठेवला, बोटांची तालीम बरोबर नेली. प्रवासासाठी वाद्य निवडताना तुम्हीही हाच हिशेब करा.