पद्मिनीची पाठचिकित्सा

जुनी मोटार विकत घेणाऱ्याला भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, "ओरिजिनल आहे का?" प्रश्न साधा वाटतो. पण गाडी मुंबईत बनलेली असेल, तर इतिहासात शिरल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही. आम्ही अलीकडेच १९७५ सालची एक प्रीमियर पद्मिनी विकत घेतली. तिच्या किरकोळ डागडुजीत जे निर्णय घ्यावे लागले, त्यांच्या निमित्ताने या 'अस्सलपणा'चा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज आणि प्लिमथ या अमेरिकी मोटारींची जोडणी होऊ लागली. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून 'फियाट ११००' येथे तयार होऊ लागली. त्याच सुमारास सरकारने धोरण ठरवले, की सुटे भाग देशातच बनवण्याची योजना नसेल तर परदेशी मोटारींची नुसती जोडणी करता येणार नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी तेव्हा येथील गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली, पण इटालियन भागांच्या जागी क्रमाक्रमाने देशी भाग आणण्याच्या अटीवर.

म्हणजे ही गाडी कारखान्यातच बदलत होती. १९६४ साली 'डिलाइट' आली. फियाटबरोबरचा करार संपल्यावर १९७२ साली तिचे नाव 'प्रेसिडेंट' झाले, तर १९७४ पासून 'पद्मिनी'. इटलीत 'अकराशे'चे उत्पादन १९६९ साली थांबले. कुर्ल्यात मात्र तीच घडण विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिली. १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन, स्टिअरिंगलगतचा गियरचा दांडा, पुढचे सलग आसन ही ओळख दीर्घकाळ कायम होती. तपशील बदलत गेले. त्यात भर पडली ती टंचाईच्या काळाची. गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे, आणि मूळ भाग मिळेना तेव्हा मिस्त्री दुसऱ्या गाडीचा भाग घासूनपुसून बसवीत. मग 'मूळ' म्हणावे कशाला? इटालियन आराखड्याला, १९७५ साली कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडलेल्या गाडीला, की पन्नास वर्षे मुंबईत चाललेल्या गाडीला?

हा प्रश्न मराठी वाचकाला अपरिचित नसावा. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना वि. स. सुखटणकरांपुढे तो फार मोठ्या प्रमाणावर उभा होता. व्यासांचे हस्तलिखित कोणाकडेच नव्हते. होत्या त्या शतकानुशतकांच्या नकला. त्यांनी उपलब्ध पुराव्याच्या आधारे संहिता ठरवली, नाकारलेले पाठ तळटीपांत जपले आणि जेथे खात्री नव्हती त्या शब्दांखाली नागमोडी रेघ छापली. निर्णय घ्यावा, पण त्याची खूण पुसू नये, ही ती शिस्त. मोटारीसारख्या क्षुल्लक वस्तूलाही ती लावता येते, असे आम्हांस वाटते.

सर्वांत सोपे निर्णय सुरक्षिततेचे. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, सिलिंडर आतून गंजतात, रबरे फुगतात. तेथे अस्सलपणाचा मोह धरण्यात अर्थ नाही. रबरे आणि लवचीक पाइप नवे घातले. पेट्रोलचेही तेच. २०२५ पासून देशभर वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल विकले जाते. जुन्या गाड्यांची रबरे आणि गॅस्केटे त्यासाठी घडवलेली नव्हती, आणि गळती झाली तर आगीची भीती. म्हणून इथेनॉल सोसणारे नळ बसवले. कार्ब्युरेटर मात्र जुनाच ठेवला, साफ करून आणि गॅस्केटे बदलून. काढलेले सारे भाग चिठ्ठ्या लावून खोक्यात ठेवले आहेत.

रंगाचा निर्णय अवघड होता. गाडी आज पांढरी आहे. मागच्या आसनाच्या पाठीमागे फिकट निळा आढळला, तोच कारखान्याचा असावा. सगळा पत्रा खरवडून पुन्हा निळी करावी, असा सल्ला अनेकांनी दिला. पण खरवडले की मधले थरही जातात. कोठे ठोकर बसली, कोठे लांबी भरली, हा सारा पुरावा नष्ट होतो. आम्ही गंज लागला तेवढाच भाग दुरुस्त केला. चकाकी केव्हाही आणता येते. गेलेला थर परत येत नाही.

सर्वांत नाजूक बाब नावाची. पूर्वीच्या कोणा मालकाने 'प्रीमियर'ची अक्षरे काढून 'फियाट'ची बसवली होती. कारखान्याच्या दृष्टीने हे प्रक्षिप्त. १९७५ साली ही गाडी फियाट नव्हती. पण मुंबईने तिला दुसऱ्या नावाने हाक तरी कधी मारली? खोटी अक्षरे एका अर्थी खरीच होती. आम्ही ती उतरवली, जपून ठेवली आणि गाडीच्या वहीत तशी नोंद केली. लोक तिला फियाट म्हणतच राहतील. त्यासाठी अक्षरांची गरज नाही.

आता कायद्यानेही यात लक्ष घातले आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या, आणि सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या खाजगी गाडीला 'विंटेज' म्हणून नोंदता येते. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली स्वीकारलेली ट्युरिन सनद याहून पुढे जाते: केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद असावी, असे ती सांगते. सुखटणकरांना हे सांगावे लागले नसते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून निवृत्त झाली. या गाड्या हजारोंनी होत्या तेव्हा एखादीत काय बदलले, याला महत्त्व नव्हते. त्यांतल्या किती तरी भंगारात गेल्या. ज्या कुर्ल्यात त्या जन्मल्या, तेथीलच भंगार बाजारात त्यांचे सुटे भाग विकले गेले. उरलेल्या गाड्या ही आता साधने आहेत, ज्या अर्थाने इतिहासकार दप्तरांना साधने म्हणतो त्या अर्थाने. धूळ झटकावी, वाळवी लागली असेल तर उपाय करावा. पण मजकूर सुबक दिसावा म्हणून दप्तरातले कागद कोणी नव्याने लिहून काढीत नाही.