बारा वाजून पाच

शेवट आधीच सांगून टाकतो. २८ सप्टेंबर २०११ ची रात्र उलटून २९ तारीख लागली. १२ वाजून २ मिनिटांनी बॉस्टन रेड सॉक्स बाल्टिमोरमध्ये हरले. १२ वाजून ५ मिनिटांनी टँपा बे रेज फ्लोरिडात जिंकले. रेड सॉक्सचा मोसम तिथे संपला. त्याच महिन्याच्या सुरुवातीला, पुढच्या फेरीतल्या जागेच्या शर्यतीत, ते रेजच्या ९ सामने पुढे होते, आणि सप्टेंबरात एवढी आघाडी बेसबॉलच्या इतिहासात कुणी घालवली नव्हती.

घड्याळाचे काटे मात्र त्या रात्री फिरायला लागले नाहीत. ते ९ महिने आधीच सुरू झाले होते, फ्लोरिडातल्याच एका हॉटेलात.

५ डिसेंबर २०१०, रविवार

जेसन वर्थ हा उजव्या हाताने फटके मारणारा आउटफिल्डर वॉशिंग्टन नॅशनल्सकडे गेला. ७ वर्षं, १२ कोटी ६० लाख डॉलर. आकडा ऐकून अनेक संघांच्या कचेऱ्यांत भुवया उंचावल्या. वर्थचा भाव इतका, तर त्याच्याहून २ वर्षांनी लहान आणि कितीतरी वेगवान असलेल्या टँपा बेच्या कार्ल क्रॉफर्डचा किती, हे गणित मग शाळकरी पोरालाही सुटावं.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. आयपीएलसारखा लिलाव बेसबॉलमध्ये नसतो. करार संपलेला, पुरेशी वर्षं खेळलेला खेळाडू मोकळा होतो, त्याला फ्री एजंट म्हणतात. त्याचा दलाल एका संघाचा फोन ठेवून दुसऱ्याला लावतो. लिलावात निदान समोरच्याने हात वर केलेला दिसतो. इथे समोरचा खरंच बोली लावतोय की नाही, हेही कळत नाही.

६ डिसेंबर, सोमवार

रेड सॉक्सनी सॅन डिएगो पाड्रेसकडून पहिल्या बेसचा अॅड्रियन गोंझालेझ आणला आणि बॉस्टनमध्ये त्याला पत्रकारांसमोर उभं केलं. मोबदल्यात केसी केली, रेमंड फुएंटेस आणि अँथनी रिझो ही तरुण पोरं दिली. गोंझालेझ डावखुरा फटकेबाज. संघात जेकोबी एल्सबरी आणि डेव्हिड ऑर्टिझ हे डावखुरे आधीच होते.

८ डिसेंबर, बुधवार, रात्री उशिरा

लेक बुएना व्हिस्टा, फ्लोरिडा. सगळ्या संघांची हिवाळी बैठक इथल्या हॉटेलात भरली होती. लॉस एंजेलिस एंजल्स क्रॉफर्डच्या मागे होते आणि तो त्यांच्याकडेच जाणार, असं बहुतेक जण धरून चालले होते. रात्री बातमी फुटली: रेड सॉक्स, ७ वर्षं, १४ कोटी २० लाख डॉलर.

क्रॉफर्ड टँपा बेकडे ९ मोसम खेळला होता. २०१० मध्ये .३०७ ची सरासरी, १९ होमरन, ४७ चोरलेले बेस. पण त्याची खरी किंमत होती पायांत. डाव्या मैदानाचा प्रचंड पट्टा तो एकटा राखायचा.

बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये डावं मैदान जवळजवळ नाहीच. ३१० फुटांवर ३७ फूट उंच हिरवी भिंत उभी आहे. तिच्यासमोर धावायला जागा ती किती! ज्या गुणासाठी पैसे मोजले, तो निम्म्या सामन्यांत वापरताच येणार नव्हता. त्यात पुन्हा डावखुरा. हा आक्षेप त्या वेळी घेता येण्याजोगा होता, आणि तो खुद्द मालक जॉन हेन्री यांच्याच मनात होता. आपला या कराराला वैयक्तिक विरोध होता, संघात डावखुरे पुरेसे होते, असं त्यांनी बॉस्टनच्या रेडिओवर सांगितलं. ते १४ ऑक्टोबर २०११ रोजी. डिसेंबरातल्या त्या रात्री त्यांनी जनरल मॅनेजर थिओ एपस्टीन यांना अडवलं नाही.

आणखी एक गोष्ट त्या आठवड्यात मागे पडली. गोलंदाजी, म्हणजे पिचिंग. सुरुवातीचे पिचर्स जे होते तेच राहिले.

टँपाने क्रॉफर्डला रोखलं नाही, कारण रोखायला पैसेच नव्हते. २०११ च्या मोसमात त्यांचा पगाराचा एकूण खर्च होता सुमारे ४ कोटी डॉलर, बॉस्टनचा १६ कोटींच्या घरात. एक मोठा खेळाडू गेल्याची भरपाई म्हणून नियमानुसार बॉस्टनचा पहिल्या फेरीतला नवोदित निवडण्याचा हक्क टँपाला मिळाला, आणि सोबत एक जादा निवड, तेवढंच.

३० जुलै २०११, शनिवार

मोसम सुरू होऊन ४ महिने झालेले. अदलाबदलीची मुदत उद्या दुपारी ४ ला संपणार. तळाशी घुटमळणाऱ्या बाल्टिमोर ओरिओल्सनी कोजी उएहारा हा आपला पिचर टेक्सासला दिला आणि दोघे घेतले. एक टॉमी हंटर, दुसरा ख्रिस डेव्हिस. बॉस्टनमध्ये कुणी या बातमीकडे दुसऱ्यांदा पाहिलं असेल असं वाटत नाही.

३१ जुलै, रविवार, दुपारी ४ च्या आत

आता बॉस्टनला पिचर हवाच होता. ओकलंडच्या रिच हार्डनचा सौदा जुळत आला होता. वैद्यकीय अहवाल पाहून रेड सॉक्स मागे सरले. मग मुदत संपता संपता सिअॅटलचा एरिक बेडार्ड, तीन संघांच्या व्यवहारातून. तोही दुखापतींचाच पेशंट. बॉस्टनसाठी त्याने उरलेल्या मोसमात एकच सामना जिंकला.

३ सप्टेंबर, शनिवार

रात्रीचा गुणतक्ता: बॉस्टन टँपाच्या ९ सामने पुढे. खेळायचे सामने २४.

२० सप्टेंबर, मंगळवार

फेनवे पार्क. आठवी इनिंग, तिन्ही बेस भरलेले, पिचर जोनाथन पॅपेलबॉन. बाल्टिमोरचा रॉबर्ट अँडिनो. सरासरी कामापुरती, नाव कुणाच्या तोंडी नाही. त्याने डबल मारला, तिघे घरी आले. बॉस्टन ७-५ ने हरलं.

२६ सप्टेंबर, सोमवार

बाल्टिमोर. पुन्हा अँडिनो. एल्सबरी भिंतीवर आदळला, चेंडू हातातून सुटला आणि अँडिनो चारही बेस धावून आला. ३ धावा. बॉस्टन ६-३ ने हरलं. आघाडी संपली, दोन्ही संघ बरोबरीत.

महिन्याभरात बॉस्टनच्या सुरुवातीच्या पिचर्सनी दर ९ इनिंगला सरासरी ७.०८ धावा दिल्या होत्या. हा आकडा वाचताना मला डिसेंबरातलं ते हॉटेल आठवतं. १४ कोटी डाव्या मैदानात उभे होते.

याच दिवसांत एक अजब बातमी आली. बॉस्टन कॅन्सस सिटीच्या ब्रूस चेनसाठी विचारणा करत होतं. पुढच्या फेरीसाठी खेळाडू पात्र ठरण्याची मुदत कधीच टळलेली, त्यामुळे तिथे त्याला खेळवता आलं नसतं. तो हवा होता एका दिवसापुरता: बरोबरी सुटली नाही तर गुरुवारी होणाऱ्या १६३ व्या, निर्णायक सामन्यासाठी. सौदा झाला नाही.

२८ सप्टेंबर, बुधवार, संध्याकाळी ७:०५

कॅम्डेन यार्ड्स, बाल्टिमोर. रेड सॉक्स ९० विजय, ७१ पराभव. मोसमाचा १६२ वा, शेवटचा सामना. पिचर जॉन लेस्टर. त्याला नेहमीची ४ दिवसांची नव्हे, ३ दिवसांचीच विश्रांती. दुसरा कोण द्यायचा, हा प्रश्न विचारून झाला होता आणि उत्तर नव्हतं.

७:१०

ट्रॉपिकाना फील्ड, सेंट पीटर्सबर्ग. टँपा बे रेज ९० विजय, ७१ पराभव. समोर न्यूयॉर्क यांकीज. त्यांची पुढची फेरी आधीच पक्की.

दुसऱ्या इनिंगमध्ये मार्क टेक्सेराने बेस भरलेले असताना होमरन मारला. पाचवी संपली तेव्हा यांकीज ७, रेज ०. लोक गाड्यांकडे निघाले.

९:३० च्या सुमारास

बाल्टिमोर. बॉस्टन ३, ओरिओल्स २. पाचव्या इनिंगमधल्या डस्टिन पेड्रोइयाच्या होमरनने आघाडी मिळालेली. लेस्टरने ६ इनिंग निभावल्या. सातवी चालू होती. पाऊस आला. पंचांनी खेळाडूंना आत पाठवलं, मैदानावर ताडपत्री पसरली.

इथे क्षणभर हिशेब मांडू. बॉस्टन एका धावेने पुढे. टँपा सातने मागे. रेड सॉक्सना आता फक्त वाट पाहायची होती.

पाऊस १ तास २६ मिनिटं खेळ अडवून बसला.

ट्रॉपिकाना फील्डला छप्पर होतं. तिथे खेळ चालूच राहिला.

१० नंतर

आठवी इनिंग, रेज फलंदाजीला. यांकीजनी आपले नेहमीचे बिनीचे पिचर राखून ठेवले होते. बेस भरलेले, सॅम फल्डला चार चेंडू बाहेर, एक धाव. शॉन रॉड्रिगेझला चेंडू लागला, आणखी एक. मग उंच फटका, झेल, तिसरी. मग एव्हान लाँगोरियाचा होमरन, ३ धावा. ७-६.

नववी इनिंग. दोन आउट. रेजने डॅन जॉन्सनला पाठवलं. मोसमातली सरासरी .१०८. दहादा बॅट घेऊन उभा राहिला तर एकदा फटका जमणार. दोन स्ट्राइक झाल्या. एक चेंडू उरला. तो त्याने उजव्या कोपऱ्यात खांबाला लगटून स्टँडमध्ये टाकला. ७-७.

बाल्टिमोरला तेव्हा ताडपत्रीवर पाऊसच होता.

११ वाजायला आले

खेळ पुन्हा सुरू. आठव्या इनिंगमध्ये बॉस्टनचा मार्को स्कुटारो पहिल्या बेसवर. क्रॉफर्डने डावीकडे खणखणीत डबल मारला. तो झेल होईल या शंकेने स्कुटारो वाटेत थबकला. एक-दोन पावलांचा प्रश्न होता. घरी पोचला तेव्हा चेंडू आधीच पोचलेला. आउट. क्रॉफर्डच्या नावावर त्या रात्री हाही फटका आहे, तो सहसा कुणी आठवत नाही.

नवव्या इनिंगमध्ये बॉस्टनचे तिन्ही बेस भरले, आउट एकच. फलंदाज रायन लाव्हार्नवे. आदल्याच रात्री त्याने २ होमरन मारून सामना काढून दिला होता. या वेळी चेंडू जमिनीवर गेला, दोघे आउट. ३-२ चे ३-२.

मध्यरात्रीकडे

नववीचा खालचा भाग, म्हणजे यजमानांची फलंदाजी. पिचर पॅपेलबॉन. ८ इनिंगनंतर पुढे असताना बॉस्टनने त्या मोसमात ७७ सामने खेळले होते आणि ७७ जिंकले होते. पॅपेलबॉनचा करार संपत होता. हिवाळ्यात तोही मोकळा होणार होता.

अॅडम जोन्स, स्ट्राइकआउट. मार्क रेनॉल्ड्स, स्ट्राइकआउट. उरला एक.

ख्रिस डेव्हिस. होय, तोच, ३० जुलैचा. उजव्या कोपऱ्यात डबल. त्याच्या जागी धावायला काइल हडसन आला.

नोलन रायमोल्ड. दोन स्ट्राइक. पुन्हा एकच चेंडू हवा होता. चेंडू उजवीकडे खोल मैदानात टप्पा घेऊन कुंपणापलीकडे. ३-३.

१२:०२

रॉबर्ट अँडिनो.

फटका डाव्या मैदानात, बुटका, झपाट्याने खाली येणारा. क्रॉफर्ड धावत पुढे आला. घसरत ग्लोव्ह खाली घातला. चेंडू ग्लोव्हमध्ये आला, थांबला नाही, गवतावर पडला. क्रॉफर्डने उचलून घरी फेकला. रायमोल्ड पोचला होता. ४-३.

७७ नंतरचा ७८ वा.

१२:०३

ट्रॉपिकाना फील्डवर बातमी पोचली. उरलेल्या प्रेक्षकांतून एक लाट उठली. खेळ बाराव्या इनिंगमध्ये होता. वरच्या भागात यांकीजचे दोन धावपटू पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर होते, एकही आउट नसताना. चेंडू लाँगोरियाकडे आला आणि त्याने तिसऱ्या बेसवरून घराकडे सरकलेल्या ग्रेग गोल्सनला तिथेच टिपलं होतं. त्यातून यांकीजना काही मिळालं नाही. आता खालच्या भागात बॅट लाँगोरियाच्याच हातात होती. समोर स्कॉट प्रॉक्टर.

१२:०५

फटका डावीकडे, सरळ, जेमतेम उंचीचा. डाव्या कोपऱ्यात ३१५ फुटांच्या खुणेजवळ कुंपणाचा एक तुकडा बाकीच्यापेक्षा बुटका होता. चेंडू त्यावरून गेला. ८-७.

कुंपण तिथे नेहमीच बुटकं नव्हतं. काही वर्षांपूर्वी रेजने ते मुद्दाम उतरवलं होतं, त्यांच्या डाव्या मैदानावरच्या खेळाडूला उडी मारून होमरन अडवता यावेत म्हणून. तो खेळाडू कार्ल क्रॉफर्ड.

तो त्या वेळी बाल्टिमोरला पाहुण्यांच्या खोलीत होता. कराराची ६ वर्षं अजून बाकी होती.