पेठ वसवण्याचा कौल

अठराव्या शतकात पुण्याच्या कसब्याभोवतीच्या शेतजमिनीवर एकामागून एक पेठा उभ्या राहिल्या. त्यांच्याविषयी आपण वाचतो ते बहुधा पेठ कोणाच्या नावाची, कोणत्या सालची आणि तिथला नामांकित वाडा कोणता, एवढेच. पेठ वसवणे हे मुळात एक आखून केलेले काम होते, त्याच्या अटी ठरलेल्या होत्या, जबाबदार माणूस नेमलेला होता आणि सरकार व तो माणूस यांच्यातला हिशेब बांधलेला होता, हे मात्र मागे पडते. पेशवाईत पुणे वाढले ते राजधानी झाल्यामुळे, हे उघडच आहे. पण ते ज्या रीतीने वाढले ती रीत कौलाने, म्हणजे वस्ती करणाऱ्यांना सरकारने ठरीव अटींवर दिलेल्या हमीने, घडवली. त्या रीतीचे बळ आणि तिचे उणेपण या दोहोंचे मूळ एकच: वस्ती होण्याआधी सरकारने रहिवाशांकडे पैसा मागितला नाही, आणि वस्ती होण्याआधी स्वतःही फारसा घातला नाही.

ही कल्पना शहरात जन्मली नाही, ती शेतातून आली. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने 1630 च्या सुमारास पुणे उद्ध्वस्त केले. त्यानंतर जिजाबाई आणि दादोजी कोंडदेव यांच्या देखरेखीखाली हा मुलूख पुन्हा लागवडीला आणताना पडीक जमिनीवर पहिल्या वर्षी नाममात्र सारा घ्यायचा आणि पुढे वर्षागणिक तो वाढवत पूर्ण आकारावर न्यायचा, अशी वाट धरली गेली. यालाच इस्तावा म्हणत. ओसाड जमीन पहिल्याच हंगामात भार सोसत नाही, हा त्यामागचा साधा हिशेब. पेठेचा कौल म्हणजे हाच हिशेब घरे आणि दुकानांना लावलेला. नव्या जागी येऊन घर बांधणाऱ्या वाणी-उदमी, कारागिरांना काही वर्षे, पुष्कळदा सात वर्षे, करांची माफी मिळे. मुदत सरली की मोहतर्फा, म्हणजे धंद्यांवरचा कर, आणि इतर पट्ट्या लागू होत. जो माणूस वस्ती करवून आणील त्याला पेठेचे शेटेपण किंवा महाजनकी वतन म्हणून मिळे. गावात पाटील-कुलकर्णी तसे पेठेत शेटे-महाजन. बाजाराची देखरेख आणि तंटे त्यांच्याकडे, आणि त्याबद्दल दुकानादुकानावर त्यांचा ठरीव हक्क, तोही वंशपरंपरेने.

या शेवटच्या अटीकडे नीट पाहावे. वसवणाऱ्याची कमाई जागा देऊन टाकण्यात नव्हती. पेठ भरली, दुकाने उघडी राहिली, माल येत राहिला, तरच त्याच्या आणि त्याच्या मुलाबाळांच्या पदरात काही पडणार होते. रिकामी पेठ म्हणजे रिकामे वतन. म्हणून माणसे गोळा करणे, त्यांना टिकवणे आणि त्यांचे तंटे वाढू न देणे यात त्याचा स्वतःचाच स्वार्थ गुंतला. जमिनीच्या विकासाचे काम पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक असते की खरा प्रश्न पहिल्या विटेचा नसतो. पहिल्या वीस-पंचवीस घरांनंतर उरलेली जागा भरते की नाही, हा असतो. कौल त्या मधल्या, सर्वांत नाजूक काळासाठीच रचलेला होता.

शनिवारवाड्याचे काम 1730 मध्ये सुरू झाले आणि त्याच दशकात जिवाजीपंत खासगीवाल्यांनी शुक्रवार पेठ वसवली. पुढे वेताळ पेठ, म्हणजे आजची गुरुवार, हीदेखील त्यांच्याच हातून झाली. रविवार पेठ महाजी जोशी व्यवहारे यांनी वसवली, रास्ता पेठ सरदार आनंदराव रास्त्यांनी. नाना फडणीसांची पेठ 1791 ची. तिथे धान्याच्या घाऊक व्यापाऱ्यांना जागा देऊन मधल्या बाजारातली गर्दी कमी करायची होती. गंज पेठेत मिठाचा बाजार, रविवारात सावकार आणि मोठे व्यापारी, सोमवारात सावकारी करणारे गोसावी. प्रत्येक पेठेला एक धंदा किंवा एक गिऱ्हाईकवर्ग समोर ठेवून बोलावणे गेलेले दिसते.

यावर पहिला आक्षेप असा की याला नियोजन म्हणता येणार नाही. नकाशा कुठे होता, बोळ तर वाकडेतिकडे. बोळ वाकडे आहेत हे खरे. पण नियोजन म्हणजे सरळ रेषाच असे धरले तर जमीन कोणाला, कोणत्या अटीवर, किती मुदतीने आणि कोणत्या कामासाठी द्यायची, हे सगळे ठरवणे कशात मोजायचे? शिवाय वसलेल्या पेठा वाऱ्यावर सोडलेल्या नव्हत्या. माधवराव पेशव्यांच्या काळात पुण्याच्या कोतवालाचे अधिकार लेखी ठरवले गेले. रस्ते, गल्ल्या आणि घरांविषयीचे तंटे तोडणे, घरजागांच्या खरेदी-विक्रीवर नजर ठेवणे, मापे व दर तपासणे, वस्तीची गणती करणे ही त्याची कामे होती. घाशीराम कोतवालाच्या जुलमामुळे आणि 1791 मधल्या त्याच्या अंतामुळे त्या कचेरीचे नाव काळवंडले. पण एकाच हाती एवढे अधिकार दिल्याचा तो दोष होता. काम गरजेचे नव्हते असे त्यातून सिद्ध होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पेशवा जिथे राहील तिथे शहर होणारच, मग कौलाचे श्रेय ते काय? याचे उत्तर 1763 नंतरच्या वर्षांत सापडते. त्या वर्षी निजामअलीने पुणे लुटले आणि जाळले. पानिपताला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. तरीही 1769 मध्ये सदाशिवरावभाऊंच्या स्मरणार्थ सदाशिव पेठ वसवली जाते, 1773 च्या सुमारास नारायण पेठ होते. दरबाराचे आकर्षण माणसांना पुण्याकडे ओढत होते, यात शंका नाही. पण एकदा घर जळालेला माणूस त्याच शहरात पुन्हा पैसा गुंतवतो, तेव्हा त्याला पुढच्या काही वर्षांच्या भाराची खात्री लागते. ती देण्याची तयार रीत हाताशी होती.

कौलाला जे जमत नव्हते ते पाण्याच्या बाबतीत दिसते. शेटे-महाजन माणसे आणू शकत होता, ओढा वळवू शकत नव्हता. शहराच्या अंगावरून वाहणाऱ्या आंबिल ओढ्याचा प्रवाह नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या बाजूने वळवला, आणि पूर येणारी जागा वस्तीला मोकळी झाली. 1750 च्या सुमारास त्यांनीच कात्रजला बांध घालून भुयारी नळाने पाणी शहरात आणले. माणूस आत उतरून गाळ काढू शकेल असा दगडी मार्ग, मध्ये हवेसाठी उच्छ्वास आणि शेवटी जागोजागीचे हौद. हे पाणी केवळ चढ-उताराच्या अंदाजावर सुमारे 8 किलोमीटर येत होते. पुढे नाना फडणीसांनी नऱ्हे-आंबेगावकडून दुसरा नळ सदाशिव पेठेच्या हौदापर्यंत आणला, आणि त्या बाजूच्या पेठेला अंगचे पाणी मिळाले. म्हणजे कौल वस्ती सुरू करून देई. ती दाटीची करायची तर सरकारी खजिनाच लागे. जिथे पाणी उशिरा पोहोचले तिथले रहिवासी करमाफीच्या मुदतीत आडावर आणि पखालीवर दिवस काढत होते, आणि तो खर्च कोणत्याही हिशेबात धरलेला नव्हता.

आणखी एक गोष्ट टाळून चालणार नाही. बोलावणे सर्वांना सारखे नव्हते. कौल जातीच्या वस्त्या मोडत नव्हता, उलट त्या पक्क्या करत होता. तांबट आळी, कासार आळी, कुंभारवाडा यांचे धंद्याच्या सोयीने समर्थन करता येईल. पण महार आणि मांग यांना वस्तीच्या कडेला ठेवण्याला धंद्याचे कारण देता येत नाही, आणि पाण्याचे हौद बांधले म्हणून त्यांचे पाणी सर्वांना खुले झाले असे नाही. ही व्यवस्था किती कार्यक्षम होती हे सांगताना तिने कोणाला वगळून कार्यक्षमता साधली, हेही त्याच दमात सांगायला हवे.

यशवंतराव होळकरांच्या 1802 च्या स्वारीने आणि 1818 च्या सत्तांतराने हा क्रम तुटला. इंग्रजी अमलात नगरपालिका आली, रस्ते आणि पाणी तिच्याकडे गेले आणि पेठ भरण्यात कोणा एकाचे वंशपरंपरेचे हित उरले नाही. पुढे 1915 च्या मुंबई नगररचना कायद्याने वेगळी रीत आणली. मालकांच्या जमिनी एकत्र करून रस्ते काढायचे, लहान पण नीट आकाराचे भूखंड त्यांना परत द्यायचे आणि वाढलेल्या किमतीतून खर्चाचा वाटा वसूल करायचा. आधी नकाशा, मग वस्ती, असा हा उलटा क्रम. भार जमिनीची किंमत वाढल्यावर घ्यायचा, हे तत्त्व मात्र कौलात होते तसेच इथेही राहिले. सुटले ते एवढेच की भूखंड पाडून दिल्यानंतरची पंधरा-वीस वर्षे त्या वस्तीची काळजी कोणी, कशाच्या मोबदल्यात वाहायची, याचे उत्तर नव्या कायद्यात नव्हते.