सिकलसेल : मुलांचे दीर्घकालीन औषध व पालकांचा निर्णय (यवतमाळ जिल्हा)

सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार आहे. आई आणि वडील दोघांकडूनही सिकलचे जनुक आलेल्या मुलाच्या तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि वेळेआधीच फुटतात. रक्तक्षय, डोळ्यांत उतरलेली कावीळ, हाडांतल्या कळा आणि वरचेवर येणारा ताप ही त्याची नेहमीची लक्षणे. विदर्भात अशा रुग्णाला ‘एसएस पॅटर्न’ आणि एकच जनुक असलेल्या वाहकाला ‘एएस पॅटर्न’ म्हणतात. एएस माणसाला सहसा काही होत नाही. एसएस मुलाच्या आईवडिलांपुढे मात्र एक प्रश्न लवकरच उभा राहतो : आज हसत-खेळत असलेल्या लेकराला रोजची गोळी वर्षानुवर्षे द्यायची का?

भारतात या आजाराची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. नागपूरच्या शुक्ला व सोलंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातील सिकल वाहकांवर ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले आणि विदर्भ या आजाराच्या नकाशावर आला. पुढे डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रभर केलेल्या पाहणीत भिल्ल, माडिया, पावरा, परधान आणि ओटकर या जमातींत सिकल जनुकाचे प्रमाण वीस ते पस्तीस टक्के आढळले. पाच हजारांहून अधिक रुग्ण असण्याचा अंदाज ज्या जिल्ह्यांबाबत मांडला गेला, त्यांत गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा व नंदुरबार यांच्या जोडीला यवतमाळही आहे. २०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळची लोकसंख्या साडेसत्तावीस लाखांहून अधिक आणि त्यात अनुसूचित जमाती सुमारे साडेअठरा टक्के. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, राळेगाव, घाटंजी या पट्ट्यात गोंड, परधान आणि कोलाम वस्ती दाट आहे. तरीही हा केवळ आदिवासींचा आजार नाही. विदर्भातल्या अनुसूचित जातींमध्येही तो मोठ्या प्रमाणावर आहे.

बाळ जन्मते तेव्हा त्याच्या अंगात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन भरपूर असते, म्हणून पहिले काही महिने बरे जातात. सहाव्या महिन्यानंतर ते ओसरू लागते आणि मग हातापायांचे पंजे सुजणे, रात्रभर किरकिर आणि ताप सुरू होतो. या तापाकडे साधा ताप म्हणून पाहता येत नाही. अडकलेल्या पेशींमुळे पानथरी लहानपणीच निकामी होत जाते आणि न्यूमोकोकससारख्या जंतूंशी लढण्याची शरीराची ताकद घटते. एसएस मुलाला १०१ फॅरनहाइटच्या वर ताप गेला की त्याच दिवशी दवाखाना गाठावा असे सांगतात ते यासाठी. मलेरिया, टायफॉइड आणि ‘बदलते हवामान’ या तीन निदानांची सवय झालेल्या गावात नेमके इथेच दोन-तीन दिवस निघून जातात.

पहिले दीर्घकालीन औषध त्यामुळे तापाशी संबंधित आहे. अमेरिकेत १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोज दोनदा तोंडावाटे पेनिसिलिन घेणाऱ्या लहान मुलांमध्ये न्यूमोकोकसचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला. तेव्हापासून साधारण पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन आणि सोबत लस हा नियम झाला. न्यूमोकोकसची लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर पोहोचली. पेनिसिलिनला पालक फारसे अडत नाहीत.

अडतात ते हायड्रॉक्सीयुरियापाशी. हे रसायन जर्मनीत १८६९ साली तयार झाले आणि विसाव्या शतकात रक्ताच्या कर्करोगावर वापरले गेले. ते गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते हे सिकलसेलच्या रुग्णांमध्ये १९८०च्या दशकात दिसले, आणि १९९५ च्या अमेरिकी चाचणीत प्रौढांमधील कळांचे झटके जवळजवळ निम्म्याने घटले. नऊ ते अठरा महिन्यांच्या बाळांवरची ‘बेबी हग’ चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा निकाल जरा तिरपा आहे : पानथरी आणि मूत्रपिंड वाचवण्याचा जो मुख्य हेतू होता तो आकड्यांत सिद्ध झाला नाही, पण कळा आणि पंजे सुजणे लक्षणीयरीत्या कमी झाले. त्या बळावर २०१४ च्या अमेरिकी मार्गदर्शिकेने नऊ महिन्यांपुढच्या प्रत्येक एसएस बाळाला, लक्षणे असोत वा नसोत, हे औषध देऊ करावे असे म्हटले. अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडातील मुलांवरच्या २०१९ च्या अभ्यासात मलेरियाचे प्रमाणही घटलेले दिसले. यवतमाळच्या जंगलपट्ट्याला हा मुद्दा अमेरिकेतल्या निष्कर्षांहून जवळचा वाटावा.

भारतात डॉक्टरांचा हात बराच काळ आखडता राहिला. इथल्या रुग्णांत आढळणाऱ्या अरब-भारतीय जनुकप्रकारात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन मुळातच जास्त असते, त्यामुळे इथला सिकलसेल सौम्य, अशी समजूत होती. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन व सहकाऱ्यांच्या कामातून विदर्भातली बरीच मुले अजिबात सौम्य आजारी नसतात हे पुढे आले. तीव्र आजार असलेल्या मुलांना त्यांनी वजनाच्या दर किलोमागे रोज १० मिलिग्रॅम असा ठरावीक कमी डोस देऊन पाहिला. झटके, रक्त चढवण्याची गरज आणि दवाखान्यातले मुक्काम कमी झाले. कमी डोसचा फायदा उघड आहे : पांढऱ्या पेशी खाली जाण्याचा धोका कमी, म्हणून तपासणीचा धाकही थोडा कमी. डोस हळूहळू वाढवत मुलाला सोसेल तिथपर्यंत नेण्याचा मार्ग अधिक परिणामकारक मानतात, पण त्याला रक्ततपासणी अधिक वेळा लागते.

पालकांचा हिशेब इथून सुरू होतो. हे कॅन्सरचे औषध आहे हे औषधाच्या दुकानात नाही तर मोबाइलवर कळतेच. अनेक वर्षांच्या पाठपुराव्यात सिकलसेलच्या रुग्णांमध्ये या औषधामुळे कर्करोग वाढल्याचे दिसलेले नाही. ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगितली नाही, तर दुसऱ्या भेटीला गोळ्या घरीच राहतात. शंका निराधार असतात असेही नाही. पांढऱ्या पेशी घटू शकतात, मुलग्यांच्या शुक्राणूंवर परिणाम होऊ शकतो, गरोदरपणात औषध टाळावे लागते. शिवाय बाजारात सहज मिळणारी कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची. दहा किलोच्या बाळाला १०० ते २०० मिलिग्रॅम द्यायचे, तर ती फोडून मोजणार कोण? आणि औषधाचा परिणाम असा की काहीतरी घडत नाही. न आलेला झटका कोणाला दिसत नाही. रोज गिळावी लागणारी कॅप्सूल मात्र दिसते.

तरीही जिल्ह्यात खरा अडसर भीतीचा आहे की अंतराचा, याचे उत्तर अंतराकडे झुकते. सुरुवातीला दर दोन-चार आठवड्यांनी आणि नंतर दोन-तीन महिन्यांनी रक्ताची पूर्ण गणना लागते. झरी-जामणीहून यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुमारे शंभर किलोमीटर, नागपूर त्याहून दूर. एका तपासणीमागे आई किंवा वडिलांची एक दिवसाची मजुरी बुडते, आणि कापूस वेचणीच्या हंगामात हा दिवस महागातला असतो. महाराष्ट्रात एसटीने सिकलसेल रुग्णांना मोफत प्रवासाची सवलत दिली आहे. सवलत बसभाड्याची आहे, बुडालेल्या रोजीची नाही. ‘पालक उपचार सोडून देतात’ असे शेरे वाचताना हे लक्षात ठेवावे लागते. तालुक्याच्या रुग्णालयात गणना होऊन अहवाल त्याच दिवशी मिळाला आणि गोळ्या तिथेच भरून घेता आल्या, तर निम्मा निर्णय आपोआप होतो.

पालकांच्या बाजूने या आजाराचे राजकारण उभे केले ते नागपूरच्या संपत रामटेके यांनी. स्वतःच्या मुलाला सिकलसेल असलेल्या या गृहस्थाने सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या माध्यमातून शासनदरबारी पाठपुरावा केला. २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पुढच्याच वर्षी ती सुदाम काटे यांना मिळाली. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश झाला. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे सुरू झाले. २०४७ पर्यंत निर्मूलन आणि चाळीस वर्षांखालील सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. तपासणीचे आकडे कागदावर झपाट्याने चढतात. ज्या मुलाचा अहवाल एसएस आला त्याच्या हाती दर महिन्याला औषध पडते का, हे वेगळे मोजावे लागते.

बऱ्या दिसणाऱ्या मुलाला वर्षानुवर्षे औषध देण्याचा पेच इतर तापांतही असतो. संधिवाती तापानंतर हृदयाच्या झडपा वाचवण्यासाठी मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. भूमध्य समुद्राकाठच्या लोकांत आढळणाऱ्या आनुवंशिक आवर्ती तापावर १९७२ पासून रोजचे कोल्चिसिन दिले जाते. तिथेही मूल दोन झटक्यांच्या मधल्या काळात ठणठणीत असते आणि औषध नेमके तेव्हाच सुटते.

हायड्रॉक्सीयुरिया थांबवले की त्याचा परिणाम काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो आणि झटके परततात. म्हणून सुट्टीत मामाच्या गावी जाताना, आश्रमशाळेच्या वसतिगृहात पाठवताना किंवा आईवडील कामासाठी बाहेरगावी जाताना गोळ्या कोणाच्या हवाली करायच्या हे आधी ठरवावे लागते. पांढऱ्या पेशी घसरल्या तर औषध तात्पुरते थांबवून पुन्हा सुरू करतात. तो निर्णय डॉक्टरांचा. मुलगी वयात आली की गर्भधारणेचा विषय तिच्याशी आणि घरच्यांशी वेळेवर बोलावा लागतो. सोळा-सतरा वर्षांची मुले स्वतःच गोळ्या टाळू लागतात, आणि तिथून पुढे तो निर्णय आईवडिलांचा राहत नाही.